कान, दात आणि नखं

अमेरिकेतलं ओहायो राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या चाळीस टक्क्यांहूनही लहान आहे, पण त्यात काउंट्या आहेत 88. म्हणजे आकाराने एक काउंटी आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. जून उजाडला की या काउंट्यांचे मेळे एकापाठोपाठ एक भरायला लागतात आणि ते सत्र ऑक्टोबरपर्यंत चालतं. प्रत्येक मेळा साधारण आठवडाभराचा. पाळणे, तळलेल्या पिठावर साखर भुरभुरलेले पदार्थ, ट्रॅक्टरच्या शर्यती, मुरांबे आणि गोधड्यांची प्रदर्शनं, आणि मैदानाच्या एका अंगाला जनावरांचे बार्न. गाईबैलांच्या आणि डुकरांच्या बार्नमध्ये गर्दी मावत नाही. सशांचा, गिनीपिगांचा आणि कोंबड्यांचा बार्न मात्र बहुतेक लोक मुलांना दाखवायचा म्हणून पाच मिनिटांत पाहून बाहेर पडतात. तिथे थांबायला हवं. जनावर नीट पाहायला शिकवणं हा या मेळ्यांचा मूळ हेतू, आणि तो आज सर्वांत जिवंत दिसतो तो याच बार्नमध्ये, असं माझं मत आहे.

हेतू जुना आहे. 1807 साली एल्काना वॉटसन नावाच्या गृहस्थांनी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावच्या चौकात आपली दोन मेरिनो मेंढरं आणून उभी केली. इतक्या बारीक लोकरीची मेंढरं आसपासच्या शेतकऱ्यांनी पाहिली नव्हती; बघ्यांची गर्दी झाली. दोन मेंढरांसाठी एवढे लोक जमतात, तर गावोगावची उत्तम जनावरं एकत्र आणली तर काय होईल, हा विचार वॉटसन यांच्या मनात तिथे आला. 1810 मध्ये त्यांनी गुरांचं प्रदर्शन भरवलं आणि वर्षभरात बर्कशायर ॲग्रिकल्चरल सोसायटी उभी राहिली. शेजाऱ्याचं जनावर आपल्यापेक्षा सरस का ठरलं हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहावं आणि घरी जाऊन सुधारणा करावी, इतकी साधी ती कल्पना होती.

मुलं या गोष्टीत आली ती जवळपास शंभर वर्षांनी. ओहायोतल्याच क्लार्क काउंटीत स्प्रिंगफील्डजवळच्या शाळांचे अधीक्षक ए. बी. ग्रॅहम यांनी जानेवारी 1902 मध्ये शेतकऱ्यांच्या मुलामुलींचा एक क्लब काढला. मुलांनी मका लावायचा, मातीची परीक्षा करायची, भाज्या पिकवायच्या आणि केलेल्या कामाची नोंद ठेवायची. मोठी माणसं नवं बियाणं, नवी पद्धत पटकन स्वीकारत नाहीत. मुलांनी करून दाखवलं तर घरात शिरकाव होतो, हे त्यामागचं व्यवहारज्ञान. अशा क्लबांतूनच पुढे ‘फोर-एच’ ही चळवळ झाली. हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ हे चार ‘एच’, आणि हिरव्या चौपानी क्लोव्हरवर ते चार पांढऱ्या अक्षरांत. 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी विद्यापीठांचं विस्तारकार्य देशभर बांधलं गेलं आणि फोर-एच त्याचा भाग झालं. आज या चळवळीत सुमारे साठ लाख मुलं आहेत. त्यांतली बरीच आता शेतावर राहत नाहीत, आणि ससा महत्त्वाचा ठरतो तो इथेच. वासरू पाळायला गोठा लागतो, कुरण लागतं, ते वाहून न्यायला ट्रेलर लागतो. डुकराला जागा लागते आणि शेजाऱ्यांची सहनशक्तीही. सशाला परसातला एक जाळीचा खुराडा पुरतो. ज्या घराकडे एक एकरही जमीन नाही त्या घरातलं आठ-दहा वर्षांचं मूल ससा घेऊन मेळ्यात उतरू शकतं, आणि तिथे शेतकऱ्याच्या मुलाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतं.

बार्नमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतात ते पंखे. मेळे भरतात ऐन उन्हाळ्यात आणि सशाला थंडीपेक्षा ऊन बाधतं. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कान असतात, त्यांतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि वारा लागला की रक्त थंड होतं. तापमान तीस अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं, त्यात हवा दमट असली, की अंगावर दाट लव असलेला किंवा पोटात पिलं असलेला ससा धापा टाकायला लागतो आणि काही तासांत दगावूही शकतो. म्हणून पालक घरून प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून आणतात. प्रत्येक पिंजऱ्यात एक बाटली आडवी ठेवतात आणि ससा तिला अंग टेकून पसरतो. दुपारी बर्फ वितळला की बाटल्या बदलायच्या. कान ओल्या हाताने पुसायचे, पाण्याची नळी तुंबली नाही ना ते पाहायचं. हे काम मुलांच्या वाट्याला असतं आणि ते दर तासाला असतं. रिबिन मिळो न मिळो, ससा आठवडाभर सुखरूप राहिला पाहिजे, ही मेळ्यातली खरी पहिली परीक्षा.

आता स्पर्धेकडे. अमेरिकेत सशांच्या जाती कोणत्या, त्या कशा दिसाव्यात हे ठरवते अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशन. 1910 साली वेगळ्या नावाने सुरू झालेली ही संस्था. तिच्याकडे सशांच्या सुमारे पन्नास जाती मान्य आहेत, शिवाय गिनीपिगांच्या वेगळ्या. प्रत्येक जातीचं वर्णन ‘स्टँडर्ड ऑफ परफेक्शन’ या पुस्तकात असतं आणि दर पाच वर्षांनी ते सुधारून निघतं. शंभर गुण; त्यांतले किती शरीराच्या ठेवणीला, किती डोक्याला, कानांना, केसांना, रंगाला, हे जातीगणिक बदलतं. रेक्स जातीत मखमली लवेला मोठा मान, मांसासाठीच्या जातींत पाठ आणि कंबर किती भरलेली याला. नेदरलँड ड्वार्फचं आदर्श वजन दोन पौंड, म्हणजे किलोला थोडं कमी. अडीच पौंडांच्या वर गेला की बाद. उलट फ्लेमिश जायंटच्या प्रौढ मादीचं वजन किमान चौदा पौंड, सव्वासहा किलोंच्या वर हवं, आणि वरची मर्यादा नाहीच. इंग्लिश लॉपचे कान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फूटपट्टीने मोजतात. ते किमान एकवीस इंच भरले पाहिजेत.

टेबलावर जाण्याआधी प्रत्येक सशाच्या डाव्या कानात गोंदलेला क्रमांक असावा लागतो. उजवा कान संस्थेच्या अधिकृत नोंदणीच्या खुणेसाठी मोकळा ठेवतात. टेबलावर जाजम किंवा गालिचा अंथरलेला, कडेने लाकडी किंवा जाळीचे कप्पे, आणि एकेका वर्गाचे ससे त्यांत ओळीने. जज एकेक ससा बाहेर काढतात, आधी उलटा करून दोष शोधतात. दात नीट जुळतात का? वरचे खालच्यांवर बसायला हवेत. समोरासमोर येऊन टेकले किंवा खालचे पुढे आले तर ससा बाद. रंगीत जातीत एखादं नख पांढरं निघालं तर बाद. नाक वाहतंय, कानात खरूज आहे, कुठे गळू आहे, तर बाद आणि लगेच बार्नबाहेर. नोंदीत नर लिहिलंय आणि निघाली मादी, हेही बाद होण्याचं नेहमीचं कारण. तीन महिन्यांच्या सशाचं लिंग ओळखणं अनुभवी माणसालाही कधी कधी चकवतं.

यातून पार पडला की जज ससा सरळ बसवतात आणि हात फिरवतात. मानेपासून खांद्यावरून, पाठीवरून, मागच्या पुठ्ठ्यापर्यंत एकच सलग फेरी. खांद्याशी हात अडखळला, कमरेशी खोलगट लागला, पुठ्ठ्याची हाडं टोचली, की ते मोठ्याने बोलतात आणि शेजारी बसलेला लेखनिक कार्डावर लिहीत जातो. मग लवेवर फुंकर. चिंचिला जातीत फुंकर मारली की केस फाकतात आणि मुळाशी करडी, मध्ये मोतिया, वर काळी अशी वर्तुळं दिसायला हवीत. सिल्व्हर फॉक्सच्या पाठीवरून उलट्या दिशेने हात फिरवला तर केस उभे राहिले पाहिजेत आणि परत सरळ हात फिरवेपर्यंत तसेच उभे राहिले पाहिजेत. ही जात ओहायोतच घडली. नॉर्थ कँटनच्या वॉल्टर गार्लंड यांनी ती वाढवली आणि 1925 साली तिला मान्यता मिळाली. आज ती दुर्मीळ जातींच्या यादीत आहे आणि ती टिकवून धरणाऱ्यांत मेळ्यातली मुलं आहेत, हे मला विशेष मोलाचं वाटतं.

सगळ्या जाती एकाच पद्धतीने बसवत नाहीत. बेल्जियन हेअर नावाने हेअर असला तरी ससाच आहे. लांब पायांचा, कमानदार, आणि तो टेबलावर ताठ उभा राहिलेला पाहायचा. इंग्लिश स्पॉटला लांब टेबलावर मोकळं धावू देतात आणि धावताना पाठीची कमान कशी दिसते ते पाहतात. हिमालयन ससा मात्र जमिनीसरशी सरळ लांब पसरवून बसवायचा. या हिमालयन सशाचा रंग हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. अंग पांढरं, नाक, कान, पाय आणि शेपूट काळी. रंगद्रव्य बनवणारं त्याचं विकर फक्त थंड जागी काम करतं, आणि शरीराची टोकं आतल्या भागापेक्षा थंड असतात, म्हणून रंग टोकांनाच चढतो. पिलू लहान असताना गारठलं तर पाठीवरही काळपट डाग उमटतात. भर उन्हाळ्यात हाच रंग फिका पडतो. त्यामुळे जानेवारीत गडद दिसणारा ससा जुलैच्या मेळ्यात मागे पडला, तर अनुभवी पाळणारा निराश होत नाही. त्याला कारण माहीत असतं.

पहिल्या क्रमांकाच्या सशाला, त्या वर्गात किमान पाच ससे आणि किमान तीन स्पर्धक असतील तर, एक ‘लेग’ मिळतो. असे तीन लेग जमले, ते सगळे एकाच जजने दिलेले नसले आणि ससा रीतसर नोंदणीकृत असला, की तो ग्रँड चॅम्पियन. त्याशिवाय निवडतात जातीतला सर्वोत्तम, त्याच्या विरुद्ध लिंगाचा सर्वोत्तम, आणि शेवटी साऱ्या मेळ्यातला सर्वोत्तम. निळी रिबिन पहिली, लाल दुसरी, पांढरी तिसरी, जांभळी विजेत्याची.

मानकं म्हटली की त्यांची काळी बाजूही सांगायला हवी. नेदरलँड ड्वार्फ किंवा हॉलंड लॉप यांसारख्या बुटक्या जातींत बुटकेपणा एका जनुकामुळे येतो. त्याची एक प्रत मिळाली की ससा छोटा, गोल डोक्याचा, प्रदर्शनाला हवा तसा होतो. दोन्ही प्रती आई-बापांकडून आल्या तर पिलू जगत नाही. जन्मतःच खुरटलेलं असतं आणि बहुतेकदा काही दिवसांत मरतं. पाळणारे त्याला ‘पीनट’ म्हणतात. दोन अस्सल बुटके ससे जोडले तर सरासरी चारांतलं एक पिलू असं जाणार, हे आधीच ठाऊक असतं. बरेच पाळणारे यावर उपाय म्हणून बुटकेपणाचं जनुक नसलेली, थोडी मोठी मादी वापरतात. ती मादी टेबलावर कधी जिंकणार नाही, पण तिची पिलं अशी मरत नाहीत. माझ्या मते प्रत्येक मुलाला हे पहिल्याच वर्षी, रिबिनीचं स्वप्न पडण्याआधी, सांगितलं पाहिजे. आणि चांगले मार्गदर्शक ते सांगतातही.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो ‘शोमनशिप’चा वर्ग. इथे ससा कितीही साधा असला तरी चालतो, कारण परीक्षा मुलाची असते. लांब बाह्यांचा पांढरा कोट घातलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी ससा घेऊन येते. सशाचं डोकं तिच्या कोपराखाली दडलेलं, एक हात पोटाखालून, मागचे पाय घट्ट धरलेले. डोळ्यांपुढे अंधार असला की ससा शांत राहतो, आणि मागचे पाय मोकळे राहिले तर तो इतक्या जोराने लाथ मारतो की स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. त्याचा सांगाडा फार हलका आणि मांड्यांचे स्नायू फार ताकदवान. कान धरून ससा कधीही उचलायचा नाही, हे तिला पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं.

टेबलावर ठेवल्यावर ती बोलत बोलत तपासणी करते. कानांच्या आत डोकावून पाहते, गोचिडीसारखे बारीक किडे किंवा तपकिरी खपली आहे का. डोळे पाणावलेत का, नाक कोरडं आहे का. मग एका हाताने कान आणि मानेची सैल कातडी एकत्र धरते, दुसरा हात पुठ्ठ्याखाली, आणि ससा अलगद पाठीवर उलटवते. ओठ दोन्ही बाजूंना सारून दात दाखवते. सशाला एकूण 28 दात, वरच्या पुढच्या दोन दातांमागे आणखी दोन बारीक दात, आणि ते आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर. नीट जुळले नाहीत तर ते वाकडे वाढून ससा उपाशी मरतो. मग ती पुढच्या पंजांच्या आतली बाजू दाखवते, आणि इथे जाणकार जज पुढे वाकून पाहतात. सर्दी झालेला ससा नाक पंजानेच पुसतो, त्यामुळे बाहेरून नाक कोरडं असलं तरी पंजाच्या आतले केस चिकटून मळकट झालेले असतात. सशांमध्ये पाश्चुरेला जिवाणूंचा ‘स्नफल्स’ हा रोग घराघरांत पसरतो आणि त्याची पहिली खूण बहुधा इथेच सापडते. मग नखांचा रंग आणि संख्या, पोटावर गाठी, मादी असेल तर स्तनाग्रं, मागच्या पायांचे तळवे जाळीने सोलवटलेत का, लिंग कोणतं, आणि शेवटी शेपटीवरून बोट फिरवून ती सरळ आहे ना ते पाहणं. मग परत सरळ करून आपल्या जातीप्रमाणे बसवणं, आणि जज येऊन उभे राहतात.

प्रश्न सुरू होतात. मादी किती दिवसांनी विते? 28 ते 32. पिलं जन्मतात तेव्हा कशी असतात? उघडी, आंधळी. तुझ्या सशाचा दोष काय? हा शेवटचा प्रश्न मुलाची खरी कसोटी पाहतो. जे मूल आपल्या सशावर प्रेम करतं आणि तरी त्याचा खांदा लांब आहे, पुठ्ठा चपटा आहे असं स्पष्ट सांगतं, त्याला जास्त गुण मिळतात. मुलाला हरायला शिकवणारे खेळ पुष्कळ आहेत; आपल्या लाडक्या गोष्टीतला दोष चारचौघांत शांतपणे सांगायला शिकवणारे फार थोडे.

गिनीपिग सशांच्या शेजारीच असतात, पण त्यांचं जग वेगळं. अँडीज पर्वतातला हा प्राणी. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी मांसासाठी पाळला. त्याच्या कानात गोंदत नाहीत, डाव्या कानात छोटी पट्टी टोचतात. पिलं जन्मतात तीच केसांसकट, डोळे उघडे, काही तासांत चालणारी, कारण मादीचं गर्भारपण दोन महिन्यांहून अधिक असतं. माणसाप्रमाणे त्यालाही शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही, म्हणून जुन्या झालेल्या खाद्यावर ठेवलेला गिनीपिग हळूहळू अशक्त होतो. ॲबिसिनियन जातीच्या अंगावर केसांचे भोवरे मोजतात, आदर्श दहा. पेरूव्हियन जातीचे लांब केस मेळ्याच्या दिवसापर्यंत कागदात गुंडाळून रबराने बांधून ठेवावे लागतात आणि जजसमोर तरटाने मढवलेल्या पाटावर तो केस चारी बाजूंना विंचरून बसवतात. त्या पाटामागे महिनोन्‌महिन्यांचं रोजचं विंचरणं असतं.

कोंबड्यांचा इतिहास सशांहून जुना. 1849 साली बॉस्टनला देशातलं पहिलं कुक्कुट प्रदर्शन भरलं आणि आशियातून आलेल्या मोठ्या कोंबड्यांचं वेड लागलं. ब्रह्मपुत्रेवरून ज्यांचं नाव पडलं ते ब्राह्मा त्याच काळातले. भारताचा खरा वाटा मात्र असिल कोंबड्यांचा. आंध्र-तमिळ मुलखातून झुंजीसाठी पाळल्या जाणाऱ्या असिलांवरून इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये जी जात घडली ती कॉर्निश, आणि आज जगभर दुकानांत मिळणाऱ्या ब्रॉयलरच्या रक्तात तिचा मोठा भाग आहे. मेळ्यात मुलं ब्रॉयलर आणतातच, पण देखण्या जातींच्या पिंजऱ्यांपुढे मी जास्त वेळ थांबेन. पांढरी कोंबडी मेळ्याआधी तीन टबांत धुतात. पहिल्यात सौम्य साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात थोडं व्हिनेगर घातलेलं, म्हणजे पिसांत साबण राहत नाही. मग टॉवेलात गुंडाळून, हेअर ड्रायरने वाळवून, तुऱ्याला आणि पायांना तेलाचा हलका हात. कोंबडी हे सगळं मुकाट्याने करून घेते, अट एवढीच की तिला मुलाच्या हाताची सवय हवी.

पण 2015 साली कोंबड्यांचे पिंजरे रिकामे राहिले. पक्ष्यांचा फ्लू देशाच्या मध्यभागी पसरला, कोट्यवधी कोंबड्या आणि टर्की मेल्या किंवा माराव्या लागल्या, आणि ओहायोने जूनमध्येच सगळ्या मेळ्यांतली पक्ष्यांची प्रदर्शनं रद्द केली. मुलांनी वसंतापासून वाढवलेले पक्षी घरीच राहिले. मुलं फोटो आणि तक्ते घेऊन जजसमोर उभी राहिली आणि पक्ष्याच्या शरीराचे भाग, रोग, खाद्य यांवरच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिली. वर्ष वाया गेलं असं त्यांतल्या कितीतरी मुलांना वाटलं असेल. मला ते वर्ष फार शिकवून गेलेलं वाटतं, कारण आपल्या खुराड्यातला एक पक्षी सगळ्या राज्याच्या कुक्कुटपालनाशी जोडलेला आहे हे तेव्हा घराघरांत कळलं.

मांसाचा प्रश्न टाळून सशांच्या बार्नबद्दल लिहिता येत नाही. ‘मीट पेन’ या वर्गात एकाच जातीचे, एकाच रंगाचे तीन ससे एकत्र पाहतात, वय 70 दिवसांच्या आत, प्रत्येकी वजन साधारण साडेतीन ते साडेपाच पौंड. तिघे एकसारखे हवेत. एक जाडा, दोन बारीक असं चालत नाही. या वर्गाचं खरं काम तीन महिन्यांहून अधिक आधी सुरू होतं. मेळ्याचा दिवस 25 जुलै असेल, तर पिलं 16 मेच्या आधी जन्मलेली चालत नाहीत. गर्भारपण 31 दिवसांचं धरलं तर मादी 15 एप्रिलच्या सुमारास नराजवळ न्यायला हवी, आणि एका मादीवर भरवसा नको म्हणून दोन-तीन माद्या एकदम. कॅलेंडरवर उलटं मोजत बसलेलं बारा वर्षांचं मूल हे या वर्गाचं खास दृश्य. बहुतेक जण न्यूझीलंड व्हाइट किंवा कॅलिफोर्नियन आणतात. पहिली जात नावाने न्यूझीलंडची असली तरी अमेरिकेतच तयार झाली. दुसरी जॉर्ज वेस्ट यांनी कॅलिफोर्नियात 1920 च्या दशकात घडवली, आणि तिची काळी टोकं हिमालयनकडून आली आहेत.

मग लिलाव. गावची बँक, खताचं दुकान, ट्रॅक्टरचा विक्रेता बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त बोली लावतो. मुलाचा पुढच्या वर्षीचा खर्च आणि कॉलेजची शिल्लक त्यातून निघते, आणि मूल खरेदीदाराला हाताने आभाराचं पत्र लिहितं. पण अनेक काउंट्यांत हा लिलाव शेवटचा असतो: विकलेलं जनावर कत्तलखान्यातच जातं, परत घरी येत नाही. 2022 साली कॅलिफोर्नियातल्या शास्ता काउंटीत नऊ वर्षांच्या एका मुलीला आपल्या सीडर नावाच्या बोकडाबद्दल शेवटच्या क्षणी हे सोसेना. कुटुंबाने भरपाई देऊ केली, बोकड दूर नेऊन ठेवला, तरी शेरीफचे शिपाई शेकडो मैल जाऊन तो घेऊन आले आणि तो कापला गेला. खटला झाला आणि 2024 मध्ये काउंटीने तीन लाख डॉलर देऊन तडजोड केली. नियम सर्वांना सारखा हे मला मान्य आहे. मांस कुठून येतं हे मुलांनी पाहावं हेही. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाने जूनमध्ये सही केली म्हणून त्याला ऑगस्टमध्ये मन बदलायची मुभा नसावी, हे मला पटत नाही. या वर्गात उतरण्याचं वय थोडं वर नेलं तर मेळ्याचं काहीच बिघडणार नाही.

मोठ्यांची लबाडीही इथे येऊन गेली आहे. 1994 साली ओहायोच्या राज्य मेळ्यात जिंकलेल्या बैलांच्या अंगात बंदी असलेली औषधं सापडली. त्यानंतर कायदा कडक झाला, आणि आता ओहायोत विक्रीसाठी जनावर आणणाऱ्या प्रत्येक मुलाला, मग ते ससे का असेनात, औषधांचा वापर आणि अन्नाची सुरक्षितता यांवरचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

रविवारी संध्याकाळी पिंजरे उघडतात आणि ससे घरी निघतात. घरी पोचल्यावर ते इतर सशांत सोडायचे नसतात. दोन आठवडे ते महिनाभर वेगळा खुराडा, वेगळं भांडं, आणि त्यांना सगळ्यांत शेवटी खायला घालून हात धुणं. ही काळजी पूर्वी स्नफल्ससाठी होती. आता तिला आणखी मोठं कारण आहे. सशांना अचानक मारणाऱ्या रक्तस्रावी रोगाचा दुसरा प्रकार 2018 मध्ये ओहायोत एका पाळीव सशात सापडला होता, आणि मार्च 2020 पासून न्यू मेक्सिकोत सुरू होऊन तो नैऋत्येच्या राज्यांत जंगली सशांतही पसरला. माणसाला त्याचा धोका नाही, सशाला मात्र फार. 2021 मध्ये अमेरिकेत बनलेली लस मिळू लागली आणि आता बऱ्याच घरांत लस टोचूनच मेळ्याला नेतात.

त्या वेगळ्या ठेवण्याच्या दिवसांत मुलं नोंदवही पुरी करतात: किती खाद्य, किती पिलं जगली, किती खर्च, किती मिळकत. शेजारी जजच्या शेऱ्यांची कार्डं असतात. ज्या मादीच्या कार्डावर खांदा लांब लिहिलंय तिला आखूड खांद्याच्या नराशीच जोडायचं. ज्याचे दात जुळत नव्हते त्याला कुणाशीच जोडायचं नाही, कारण तो दोष बहुधा आनुवंशिक असतो. तो पाळायला कुणाला तरी द्यायचा, दातांची गोष्ट सांगून. आणि ज्या तिघींची पाठ जजला आवडली त्यांची नावं नोंदवहीच्या शेवटच्या पानावर, पुढच्या एप्रिलसाठी.